एकच प्लॉट, दोन खरेदीखते

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या आपल्या मंडळाच्या सभासद असून त्यांनी चौतीस वर्षे दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नोकरी केली आहे.)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. आपल्या मंडळात भाषण म्हटले की पाककृती, आरोग्य किंवा एखाद्या प्रवासाचे वर्णन असा प्रघात आहे. मला यातले काहीच येत नाही. मी १९७९ साली कारकून म्हणून सबरजिस्ट्रार कचेरीत लागले आणि २०१३ साली तिथूनच निवृत्त झाले. आयुष्यभर दस्त पाहिले, अंगठे घेतले, शिक्के मारले. तेव्हा मी बोलले तर कागदांवरच बोलणार. त्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, "मग कागदांवरच बोला. गेल्या महिन्यात आपल्या गल्लीत काय झालं ते ठाऊक आहे ना?"

ठाऊक आहे. ज्यांच्यावर ती वेळ आली त्या आज इथेच बसल्या आहेत, म्हणून त्यांचे नाव मी घेत नाही. पण निम्मे पैसे देऊन झाल्यावर तोच प्लॉट आणखी कुणाला तरी विकला गेल्याचे कळते, तेव्हा घरात कशी रात्र जाते, हे त्यांच्याकडे पाहून समजते. मी मात्र गोष्ट सांगणार आहे ती दुसरी, जुनी आणि माझ्या स्वतःच्या टेबलासमोर घडलेली.

१९९१ सालचा श्रावण. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक शिक्षिका होत्या. त्यांचे यजमान गेल्याला दोन वर्षे झाली होती, पदरात दोन मुले होती. यजमानांच्या फंडाचे पैसे आले त्यातून त्यांनी गावाबाहेरचा एक बिनशेती प्लॉट घेतला. पैसे सगळे दिले, आणि तेही बँकेच्या ड्राफ्टने. पूर्ण मुद्रांकावर खरेदीखत लिहिले गेले. २६ ऑगस्टला त्यावर विकणाऱ्याची सही झाली, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. राहिले एवढेच, की तो कागद घेऊन आमच्या कचेरीत यायचे आणि नोंदवायचा. विकणारा म्हणाला, "बाई, आता गणपती आलेत, मग पितृपक्ष. पितृपक्षात कुणी जागेची नोंद करतं का? दसऱ्यानंतर करू." बाईंनाही ते पटले. आपल्यापैकी कितीजणींना पटले नसते? कागद ट्रंकेत, साड्यांच्या खाली गेला.

दसरा झाला. मग तो म्हणाला, दिवाळी होऊ द्या. दिवाळी झाली तेव्हा तो भेटेनासा झाला. नोव्हेंबरच्या अखेरीस बाई आमच्या कचेरीत आल्या. त्यांना घरासाठी कर्ज काढायचे होते आणि सोसायटीने नोंदलेला कागद मागितला होता. मी त्यांच्याकडून शोधाची फी भरून घेतली आणि सूचीचे पुस्तक काढले. ज्याला आपण इंडेक्स टू म्हणतो ती ही सूची, कोणत्या जागेचा कोणता दस्त कुणी कुणाला लिहून दिला हे तिच्यात असते. तेव्हा ती हाताने लिहिलेली असे. पाने उलटता उलटता त्याच गटातला तोच प्लॉट, तोच विकणारा आणि भलत्याच बाईचे नाव पुढे आले. तारीख होती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली. म्हणजे ऐन पितृपक्षातली! ज्याला एका बाईची नोंद करायला पितर आडवे आले, त्याला दुसऱ्या बाईची करायला ते आले नाहीत.

आणि भगिनींनो, ती नोंद माझ्याच अक्षरातली होती.

मला ती दुसरी बाई आठवली. एस.टी.तल्या ड्रायव्हरची बायको. अंगावर नवे लुगडे, हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. पाटल्या मोडून पैसे उभे केल्याचे ती मोठ्या कौतुकाने सांगत होती, कारण जागा तिच्या नावावर होत होती. आमच्या साहेबांनी विकणाऱ्याला रीतीप्रमाणे विचारले, "सही तुमचीच ना? रक्कम पोचली ना?" तो हो म्हणाला. मी त्याचा अंगठा घेतला, शाई पुसायला कापड दिले. आम्ही त्याला "ही जागा तू आधी कुणाला विकली आहेस का?" असे विचारले नाही, कारण ते आमचे कामच नव्हते.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथे आहे. लोकांना वाटते, सरकारी कचेरीत शिक्का बसला म्हणजे सरकारने मालकी तपासली. तसे नाही. आपल्या देशात १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्ताची नोंद होते, मालकीची होत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ सालापासून मालकीचीच सरकारी नोंद ठेवतात आणि ती नोंद हाच शेवटचा शब्द असतो. आपल्याकडे कचेरी एवढेच पाहते, की लिहून देणारा माणूस तोच आहे का, सही त्याने कबूल केली का, मुद्रांक लागला का. तमिळनाडू सरकारने एक नियम केला होता, की विकणाऱ्याने आपल्या मालकीचा आधीचा मूळ दस्त दाखवल्याशिवाय नोंदणी करू नये. तो नियम २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मालकी ठरवणे हे निबंधकाचे काम नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हा जागा कुणाची याची चौकशी घेणाऱ्यालाच करायला हवी.

आता त्या शिक्षिकांचे पुढे काय झाले? मी त्यांना बसवले, पाणी दिले आणि सांगितले, "बाई, रडू नका. तुमच्या कागदाला अजून चार महिने झालेले नाहीत. ट्रंकेतून तो आजच काढा आणि इथे दाखल करा." कायद्यात अशी सोय आहे, की सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला आणता येतो. अडचण दाखवून आणि दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात. दाखल करायला विकणाराच हवा असेही नाही, लिहून घेणारीसुद्धा करू शकते. बाईंनी दुसऱ्या दिवशी दस्त दाखल केला. विकणाऱ्याला समन्स गेले. तो आला आणि सरळ म्हणाला, "ही सही माझी नाही."

सही नाकारली की सबरजिस्ट्रारला नोंद नाकारावी लागते. पण मग तीस दिवसांत जिल्हा निबंधकांकडे अर्ज करता येतो, आणि त्यांना साक्षीपुरावा घेऊन चौकशी करण्याचा अधिकार आहे. बाईंनी तो अर्ज केला. त्या चौकशीत त्यांना कशाने तारले असेल? मुद्रांक विकणाऱ्याच्या वहीने! ऑगस्ट महिन्यात तो मुद्रांक कुणी, कशासाठी घेतला याची नोंद त्या वहीत होती आणि पुढे विकणाऱ्याची सही होती. शिवाय बँकेचा ड्राफ्ट होता. दोघा साक्षीदारांपैकी एक फुटला, दुसरा उभा राहिला. निबंधकांनी हुकूम केला आणि बाईंचा दस्त १९९२ च्या एप्रिलात नोंदला गेला.

आता तुम्ही म्हणाल, दुसरीचा दस्त ऑक्टोबरमध्ये नोंदलेला आणि पहिलीचा पुढच्या एप्रिलात. मग जागा दुसरीचीच की! इथेच बहुतेक सगळे फसतात. नोंदणी कायद्याचे ४७ वे कलम सांगते, की खरेदीखत रीतसर नोंदले गेले की त्याचा अंमल नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर ते लिहून सही झाली त्या दिवसापासून धरायचा. आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४८ वे कलम म्हणते, की एकाच माणसाने एकाच जागेचे हक्क वेगवेगळ्या वेळी दिले, तर आधीचा हक्क वरचढ. २६ ऑगस्टला जागा शिक्षिकांची झाली होती. ऑक्टोबरमध्ये त्या माणसाकडे विकायला काही उरलेच नव्हते, आणि जे आपल्यापाशी नाही ते दुसऱ्याला देता येत नाही.

ड्रायव्हरच्या बायकोने दावा लावला. तो आठ वर्षे चालला आणि ती हरली. विकणाऱ्याकडून पैसे परत घेण्याचा हुकूमनामा तिला मिळाला. पण तोवर त्याने आपले होते नव्हते ते विकून टाकले होते. हुकूमनामा हातात आणि वसूल करायला समोर काही नाही! शिक्षिका मला पेढे घेऊन आल्या होत्या. मी पेढा खाल्ला, पण खरे सांगते, गोड लागला नाही. त्या दुसरीचे काय चुकले होते? तिने तर कागद त्याच दिवशी नोंदवला होता. सूचीसुद्धा पाहिली असती तरी तिला काही दिसले नसते, कारण पहिला कागद ट्रंकेत होता. शिक्षिकांनी तो ऑगस्टमध्येच नोंदवला असता तर ऑक्टोबरमध्ये दुसरीच्या पाटल्या वाचल्या असत्या. आपला कागद आपण दडवून ठेवला की तो खड्डा दुसऱ्या बाईसाठी उघडा राहतो. हे मी त्या दिवशी शिकले.

जागा दोनदा विकणारा माणूस नेमका या फटीत बसलेला असतो. पैसे दिले आणि नोंद व्हायची आहे, किंवा नोंद झाली पण सातबारावर अजून त्याचेच नाव आहे, ती ही फट. ती जितकी लांब, तितकी त्याची सोय. 'मुहूर्त पाहू', 'मोजणी होऊ दे', 'पोरगा पुण्याहून येऊ दे', 'मुद्रांक शुल्क जरा कमी होईल' ही सगळी फट लांबवण्याची वाक्ये आहेत. बोलणारा प्रत्येकजण लबाड असतो असे नव्हे. पण आपण मुहूर्त पाहायचाच तर पैसे देण्याचाही पुढचाच पाहावा, दोन्ही एकाच दिवशी.

इथवर मी खरेदीखताविषयी बोलले. विसार पावती आणि साठेखत यांची गोष्ट निराळी. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. त्याने जागा आपली होत नाही, ती आपल्याला विकावी असे मागण्याचा हक्क फक्त मिळतो. ४७ व्या कलमाची ती जादू इथे चालत नाही. विसार देऊन तुम्ही थांबलात आणि मध्येच त्याने दुसऱ्याला खरेदीखत नोंदवून दिले, तर प्रश्न एकच उरतो : त्या दुसऱ्याला तुमच्या कराराची खबर होती का? खबर नव्हती आणि त्याने प्रामाणिकपणे पूर्ण पैसे मोजले असतील, तर जागा त्याची. तुम्ही आपल्या पैशांच्या मागे लागा. खबर होती, तर मात्र न्यायालय त्याच्याकडूनही जागा तुम्हाला देववते. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ सालीच सांगून ठेवले आहे, की अशा वेळी मूळ मालकाबरोबर त्या मागाहून घेणाऱ्यानेही खरेदीखतावर सही करून द्यावी. दावा लावायला मुदत आहे तीन वर्षांची. करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळले तेव्हापासून. 'देतो, देतो' ऐकत ही तीन वर्षे निघून गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

मग दुसऱ्याला खबर होती हे सिद्ध कसे करायचे? त्याच्या मनात कोण शिरणार? कायद्याने दोन सोपे मार्ग ठेवले आहेत. एक, साठेखतसुद्धा नोंदवायचे. नोंदलेला दस्त सगळ्या जगाला ठाऊक आहे असे कायदा धरून चालतो. मागाहून घेणारा 'मी सूची पाहिली नाही' म्हणाला, तरी ते ऐकले जात नाही. शंभराच्या किंवा पाचशेच्या मुद्रांकावर नोटरीचा लाल शिक्का घेतला की झाले, असे पुष्कळांना वाटते. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, तिची सूचीत ओळही पडत नाही. दुसरा मार्ग ताब्याचा. जागेवर प्रत्यक्ष जो बसला आहे, त्याचा काय हक्क आहे याची चौकशी घेणाऱ्याने करायलाच हवी असे कायदा म्हणतो. तुम्ही तारेचे कुंपण घातले, पत्र्याची खोली उभी केली, आंब्याची दोन कलमे लावून पाणी घालायला जात राहिलात, तर येणाऱ्याला विचारावेच लागेल, 'हे कुणाचं?' शिक्षिकांच्या प्लॉटवर चार खांब जरी असते, तरी ड्रायव्हरच्या बायकोने ते पाहून विचारले असते.

सातबाराविषयी थोडे. नोंदणी झाली की फेरफाराला वर्दी जाते. ज्यांना आपण अजून तलाठीच म्हणतो त्यांच्याकडे नोंद धरतात, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हल्ली कचेऱ्या संगणकाने जोडल्या गेल्याने वर्दी आपोआप जाते, तरी नाव लागले का ते आपण जाऊन पाहावे. सातबारा म्हणजे मालकीचा दाखला नव्हे, तो मुख्यतः सारा कुणाकडून घ्यायचा यासाठी ठेवलेला कागद, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. पण लबाड माणूस गिऱ्हाइकाला दाखवतो तो सातबाराच. तुमचे नाव चढले नसेल तर त्याच्या हातात हत्यार तसेच राहते. गावठाणात आणि शहरात याच जागी मिळकत पत्रिका असते, तिचेही असेच.

आता जे सांगते ते आपल्यापैकी माहेर असलेल्या प्रत्येकीसाठी आहे. आतापर्यंत आपण फसणाऱ्या बाईविषयी बोललो, पण आपल्या हातून दुसऱ्याला फसवलेही जाऊ शकते. वडिलांनी पूर्वी कधी तरी रस्त्याकडचा एक तुकडा विकलेला असतो, पण घेणाऱ्याने नाव लावून घेतलेले नसते. वडील जातात. वारसांची नोंद होते, त्यात भावांबरोबर आपलीही नावे लागतात. २००५ च्या दुरुस्तीनंतर तर वडिलोपार्जितातही मुलीचा मुलाइतकाच वाटा झाला आहे. मग एक दिवस भाऊ येतो. राखीपौर्णिमा असते, नाहीतर भाऊबीज. ओवाळणी होते, जेवण होते आणि मग पिशवीतून कागद निघतो : "ताई, इथे फक्त सही कर, एक गिऱ्हाईक आलंय." ताई चष्मासुद्धा लावत नाही. मग कचेरीत येऊन ती अंगठा देते आणि वडिलांनी विकलेली जागा दुसऱ्यांदा विकली जाते, विकणाऱ्यांत तिचे नाव असते. पुढे दावा लागला की प्रतिवादी क्रमांक चार म्हणून नोटीस येते ती हिच्या सासरी. भावाला कदाचित जुना व्यवहार ठाऊकही नसेल, मी त्याला दोष देत नाही. पण मी टेबलापलीकडून अशा कितीतरी ताई पाहिल्या. त्यांना 'वाचलंत का?' विचारले की त्या भावाकडे पाहत. रागावू नका, पण भाऊबीजेची ओवाळणी ताटात आणि कागद दुसऱ्या दिवशी, असा नियम घालून घ्या. तेवढ्या वेळात जुने फेरफार काढून पाहता येतात.

कुलमुखत्यारपत्राचे तसेच. मालक मुंबईला, मुखत्यार गावी. मुखत्याराने एकाला विकले आणि मालकाने दुसऱ्याला. दोघेही आपापल्या परीने खरे! नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर आणि करारावर जागेची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्वच्छ सांगितले. तरीही 'मुखत्यारपत्र करून देतो, खरेदीखताचा खर्च कशाला' असे म्हणणारे आहेतच. तो खर्च वाचवू नका. मुखत्यारपत्रावर घेत असाल तर ते रद्द तर झाले नाही ना, हे प्रत्यक्ष मालकाला फोन करून विचारा. फोनला पैसे पडत नाहीत.

पोलिसांत जावे का, असे आपल्या गल्लीतल्या त्या बाईंनी मला विचारले होते. जावे. पोलीस पुष्कळदा 'हे दिवाणी प्रकरण आहे' म्हणून परत पाठवतात. पण आपली नसलेली जागा आपली म्हणून विकली, तर ज्याने पैसे मोजले तो फसवणुकीची फिर्याद करू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालच्या एका निकालात म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचे कलम आता ३१८ आहे, पूर्वी ४२० होते. मात्र फिर्यादीने जागा मिळत नाही. जागेसाठी दिवाणी न्यायालयच, आणि तिथे पहिल्या दिवशी मागायचा तो मनाई हुकूम, म्हणजे दोघांचे भांडण चालू असताना तिसरीला ती जागा विकली जाऊ नये. दावा चालू असल्याची नोटीसही सबरजिस्ट्रारकडे नोंदवून ठेवावी. आपल्या महाराष्ट्रात तिला फार महत्त्व आहे.

बाकी जाहीर नोटिशीविषयी मी मुद्दामच फार बोलत नाही. वकील ती वर्तमानपत्रात देतात, द्यावीच. फक्त जे वर्तमानपत्र त्या गावात येते त्यात ती द्यायला सांगा. कुणीच न वाचणाऱ्या पत्रात बारीक अक्षरात छापलेल्या नोटिशी मी भरपूर पाहिल्या आहेत.

सूची पाहणे आता आमच्या वेळेइतके अवघड राहिलेले नाही. पूर्वी दस्त फोटो काढायला पुण्याला जात आणि मूळ कागद परत यायला महिनोन्‌महिने लागत. तोवर घेणाऱ्याच्या हातात नुसती पावती. २००२ च्या सुमारास संगणक आले, आता नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या शोध घेता येतो. तुमच्या सुना, नाती फोनवर काय काय पाहतात, त्यांना सांगा की एकदा हे पाहून दे. जुन्या वर्षांसाठी मात्र कचेरीतली पुस्तकेच उघडावी लागतात. आणि शोध दोनदा घ्यावा : एकदा विसार देण्याआधी आणि एकदा खरेदीखताच्या दिवशी सकाळी. मधल्या दिवसांतच सगळे होते.

माझा वेळ संपला असे चिटणीसबाई घड्याळ दाखवून सांगत आहेत. पुढच्या मंगळवारपासून दर मंगळवारी चार ते सहा मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. मी वकील नाही. दाव्याचा सल्ला मी देणार नाही. पण कागद नोंदलेला आहे का, चतुःसीमा जुळतात का, नाव लागले आहे का, एवढे मी पाहून सांगेन. मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा. आणि ज्यांचे कागद अजून ट्रंकेत साड्यांखाली आहेत, त्यांनी त्यावरची सहीची तारीख आज घरी गेल्याबरोबर पाहावी. चार महिने होत आले असतील, तर मंगळवारची वाट न पाहता मला आज रात्रीच फोन करावा.